पायऱ्यांवरचे कोच

"या पोट्ट्याचं काही होत नाही. लिहून ठेव."

"होते. यंदा होते. पाहजो तू."

"मागच्या साली बी तू हेच म्हणला होता, नथ्थू. त्याच्या मागच्या साली बी हेच."

"मग? मागच्या साली पहिल्या सामन्यात त्यानं समोरच्याले धुऊन काढलं की नाही?"

"आन् दुसऱ्या सामन्यात? बॉल हातात आला की असा उभा राहे, जसं कोणी याच्याजवळ दुसऱ्याचं लेकरू देऊन निघून गेलं!"

हे सगळं माझ्या डोक्यावरून चाललं होतं. ते दोघं वरच्या पायरीवर, मी खालच्या. समोर सिमेंटच्या ग्राउंडवर मंडळाच्या पोरांची बास्केटबॉलची प्रॅक्टिस सुरू होती आणि माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत गुडघ्याला चढवायचा पट्टा होता, घरी विसरलेला. ज्याचा पट्टा, त्याचीच ही पूजा चालली होती.

लग्न होऊन मला तीन महिने झाले होते. पुसदची मी, नागपूरला नवीन. बास्केटबॉलबद्दल माझं ज्ञान एवढंच, की त्यात एक जाळी असते आणि ती खालून फाटकी असते. पण माझ्या माणसाला कोणी नावं ठेवावीत आणि मी पदर सावरत ऐकून घ्यावं, असं काही माझ्या आईनं मला शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात वरच्या दोघांतल्या दणकट म्हाताऱ्याचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"काय बाई, कोणाकडच्या तुम्ही? कधी दिसल्या नाही इकडं."

मी मान वळवून म्हटलं, "ज्याच्याजवळ दुसऱ्याचं लेकरू दिलं ना काकाजी, त्याच्याच घरची."

दुसऱ्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. "मेलो बापा," म्हणाला, "हेमूची बायको होय ही!"

पण दणकट म्हातारा काही वरमला नाही. हेच ते गुलाबराव ढोबळे. जुन्या काळी स्वतः खेळलेले, आणि पाय थकल्यापासून रोज संध्याकाळी पायरीवर बसून तोंडानं खेळणारे. खोकणारे ते नथ्थूजी. त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि मंडळाच्या सगळ्या पोरांच्या चड्ड्या-बनियनी तेच शिवायचे. मोहल्ल्यात दोघंही सगळ्यांचे काका, पण नुसतं काकाजी म्हटलं की ते गुलाबरावच.

"बरं झालं सापडल्या," गुलाबकाका म्हणाले. "घरच्याच माणसाले विचाराचं होतं. लग्नाआधी हेमू निदान एक दिवसाआड तरी बरा खेळे. आता तेही नाही. काऊन?"

"मला काय विचारता? मी काय खेळते का त्यांच्याबरोबर?"

"लोकं काय काय बोलून राहिले. मी नाही बोलत."

"काय बोलून राहिले?"

"सोडा ना सूनबाई," नथ्थूजी म्हणाले.

"नाही, बोला. मी ऐकायलाच बसले आहे."

नथ्थूजींनी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "पायगुण म्हणते लोकं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "लोकांना सांगा, माझ्या पायांकडं पाहू नका म्हणावं. खेळणाऱ्याच्या पायांकडं पाहा. तिथं काय ते सापडेल."

"पाहूनच राहिलो ना," गुलाबकाका म्हणाले. "पण आता जास्त दिवस नाही पाहाचं. मुरकुटे सरांनी सांगून टाकलं. डिसेंबरातले ढालीचे सामने शेवटचे. त्यात नाही चालला, तर हेमूचं नाव कटलं. नव्या पोट्ट्यांले जागा पाहिजे."

मुरकुटे सर म्हणजे संघाचे कोच. कमी बोलणारा माणूस, आणि जे बोलला ते करणारा.

मी पट्टा नथ्थूजींच्या हातात ठेवला आणि घरी आले. रस्ताभर मला दुसरं काही सुचेना. आमचे हे दिवसभर छापखान्यात उभं राहून अक्षरांचे खिळे जुळवायचे. संध्याकाळी घरी यायचे ते मान खाली घातलेले, कोणी काही विचारलं तर उत्तर देणारे, न विचारलं तर गप्प. मग बूट बांधून ग्राउंडवर जायचे, आणि परत यायचा तो वेगळाच माणूस असायचा. डोळ्यात चमक, अंगात वारं, मोरीत पाय धुताना गाणं सुद्धा. मला लग्नात मिळाला होता तो हा दुसरा माणूस. ग्राउंड सुटलं असतं तर मला पहिल्याबरोबरच जन्म काढावा लागला असता. तो माणूस वाईट नव्हता हो, पण त्याच्याशी भांडता सुद्धा येत नव्हतं.

जेवताना मी विचारलं, "तुम्ही एक दिवस चांगलं आणि एक दिवस वाईट, असं काऊन खेळता?"

"कोणी सांगितलं?"

"सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे. कोणी सांगायला कशाला पाहिजे?"

त्यांनी बराच वेळ वरणात बोट फिरवलं. "काय माहीत. काही दिवस डोकं मोकळं असते. काही दिवस डोक्यात नुसता बाजार भरते."

त्यांच्या आईला मी आत्याबाई म्हणायची. त्या म्हणाल्या, "नजर लागते माझ्या लेकराला." आणि लगेच मीठमिरच्या आणायला उठल्या.

मी ठरवलं, आपण स्वतःच पाहायचं. दुसऱ्या दिवसापासून मी रोज पायरीवर. बाईमाणूस तिथं कोणी येत नसे, म्हणून सुरुवातीला सगळे अवघडले. मग शेंगदाणे आणू लागले मी, तेव्हा सरावले. दोघा काकांचा वाद रोजचाच. गुलाबकाका म्हणायचे, स्वभावाला औषध नाही, काही पोट्टे जन्मतःच अर्धे असतात. नथ्थूजी म्हणायचे, उशिरा पिकणारं फळ गोड असते, थांबा. गुलाबकाका म्हणायचे, सडते बी. मी मध्ये बसून दोघांना शेंगदाणे द्यायची आणि दोघांनाही म्हणायची, यंदा सुधारणार म्हणजे सुधारणार. कशाच्या जोरावर म्हणायची देव जाणे. पण एकदा तोंडातून गेलं की मी मागे घेत नसते.

ढालीचा पहिला सामना संध्याकाळी होता. लग्नसराईचे दिवस. ग्राउंडला लागूनच मंगल कार्यालय, आणि सामना सुरू व्हायला आणि वरात दारात यायला एकच गाठ पडली. बँड तो काय! त्यात भोंगा. रेफ्रीची शिट्टी त्यालाच ऐकू येईना, हातवारे करून फाउल दाखवायचा. वरातीतले नाचणारे अर्धे आमच्या ग्राउंडवर घुसले होते, त्यांना काठीनं मागे सारावं लागलं.

आणि हे काय खेळले त्या दिवशी! मला खेळ कळत नव्हता, तरी अंगावर काटा आला. बॉल त्यांच्या हातात यायचा आणि समोरचे तिघं तिघं नुसते जागेवर गरगरायचे. इकडून दाखवायचं, तिकडून निसटायचं. एकदा तर रिंगकडं पाठ करून टाकला आणि गेला. नथ्थूजींनी आनंदानं मला पाठीत गुद्दा मारला, मग जीभ चावली.

"पाहा!" ते ओरडले. "म्हणत नव्हतो मी?"

"काय?" गुलाबकाका कानाला हात लावून.

"म्हणत नव्हतो मी!"

"ऐकूच नाही येऊन राहिलं बे!" गुलाबकाकांचा घसा बसला होता. "या बँडवाल्यांनी आवाज खाऊन टाकला माझा!"

सामना सहज जिंकलो. पायऱ्यांवर मग कारणं निघाली. नथ्थूजी म्हणाले, मी नवीन चड्डी शिवून दिली, कंबरेत ढिली ठेवली, श्वास मोकळा राहते. कोणी म्हणालं, वरात आडवी आली, शुभ शकुन. गुलाबकाका म्हणाले, "एक दिवस चमकला. उद्या पाहू."

आणि मेल्याच्या तोंडात साखर पडो की काय पडो, दुसऱ्या सामन्यात तसंच झालं. तो होता सकाळचा, थंडी मरणाची, माणसं मोजकी, आवाज काय तो आमच्या पायऱ्यांवरचा. हे त्या दिवशी ग्राउंडवर असे होते जसे रस्ता चुकलेले. पुढे निघायचे आणि थांबायचे. टाकायला हात उचलायचे आणि खाली घ्यायचे. पास द्यायला वळायचे तोवर समोरचा बॉल घेऊन गेलेला. शेवटी सरांनी त्यांना बाहेर बोलावलं. वसंता म्हणून दुसरा एक पोरगा होता, त्यानं एकट्यानं कसाबसा तो सामना ओढून आणला आणि आम्ही फायनलला गेलो.

सर पायऱ्यांपाशी आले आणि सगळ्यांदेखत यांना म्हणाले, "हेमराज, रविवारी फायनल. पहिल्या पाचात ठेवतो. हाफ टाइमपर्यंत पाहीन. नाही जमलं तर बसवीन, आणि मग पुन्हा उठवणार नाही."

हे म्हणाले, "जी सर."

गुलाबकाका म्हणाले, "संपलं. मी नव्हतं म्हणलं?" पण त्यांचं तोंड उतरलं होतं. मला तेव्हाच समजलं, की या म्हाताऱ्याला आपण खरे ठरल्याचा काडीचाही आनंद झालेला नाही.

घरी आलो. मी पानं घेतली. हे पाटावर बसले, मान खाली. आत्याबाई म्हणाल्या, "हेमराज, आणखी एक पोळी घे." यांनी घेतली.

"पण संध्याकाळी पुन्हा प्रॅक्टिसला जाशील. जड होईल. राहू दे." यांनी ठेवली.

"बरं, अर्धी तरी घे. सकाळपासून उपाशी आहेस." यांनी उचलली, मोडली, अर्धी ताटात घेतली.

"भातही आहे पण." यांनी ती अर्धीही परत ठेवली आणि आत्याबाईंकडं पाहत बसले, आता काय म्हणून.

मी पोळीचं टोपलं हातात धरून तशीच उभी राहिले. माझ्या कानात सकाळचं ग्राउंड वाजायला लागलं. "हेमू, डावीकडून घे!" हे गुलाबकाका. "उजवीकडून बे, उजवीकडून!" हे नथ्थूजी. "थांब!" "मार!" "पास दे!" आणि मध्ये हे, पाय डावीकडं, मान उजवीकडं. आणि ज्या दिवशी बँड वाजत होता, त्या दिवशी कोणाचंच काही ऐकू येत नव्हतं!

"अवो माय!" मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की आत्याबाई दचकल्या. "काय झालं? पाल पडली का?"

"नाही," म्हटलं, "सापडली."

संध्याकाळी मी गुलाबकाकांच्या शेजारी जाऊन बसले. शेंगदाणे दिले आणि म्हटलं, "काकाजी, एक करता का? यांना ओरडून सांगा, दोन्ही हात वर कर."

"काऊन?"

"करून तर पाहा."

"पागल झाल्या काय सूनबाई? बॉल घेऊन धावणारा माणूस हात वर करीन का?"

"नाही केले, तर उद्या मी स्वतः मोहल्ल्यात सांगते, माझाच पायगुण वाईट."

ते उठून उभे राहिले. हे बॉलचे टप्पे मारत सुसाट रिंगकडं निघाले होते. काकांनी छाती भरून हाक दिली, "हेमू! हात वर! दोन्ही!"

आणि यांनी केले. धावता धावता, दोन्ही हात, सरळ आकाशाकडं. बॉल आपला आपण टप्पे खात गेला आणि सरांच्या खुर्चीला लागून थांबला.

"हे काय होतं?" सरांनी विचारलं.

"काकाजी म्हणाले," हे म्हणाले.

सरांनी आमच्याकडं पाहिलं. कपाळ खाजवलं. नथ्थूजींना हसू आवरेना. "गुलाब, आता त्याले बसाले सांग ना एक डाव!"

"चूप बे!" गुलाबकाका खाली बसले, एकेक गुडघा वाकवत. ग्राउंडकडं पाहिलं. मग म्हणाले, "याचा बाप गेला तेव्हा हा एवढासा होता. बोट धरून मीच आणला याले इथं. पहिला बॉल मीच देला हातात. मले वाटे, मी शिकवून राहिलो. तो खेळूनच नाही राहिला, सूनबाई. मीच खेळून राहिलो."

मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रविवार जवळ होता. म्हटलं, "मग आता तोंड बंद ठेवता का?"

"बंद म्हणजे बंद. गळ्याची आण."

समोर वसंताच्या हातातून बॉल सुटला. "अबे खाली वाक ना, मुर्दाडा!" गुलाबकाका पायरीवरून अर्धे उठले आणि मग माझ्याकडं पाहून त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तेव्हाच मला कळलं, या पायऱ्यांना गप्प करणं ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही. फायनलला तर अख्खा मोहल्ला येणार होता, आणि मोहल्ल्यातला प्रत्येक जण यांचा काका, मामा नाही तर आजा.

घरी परतताना रस्त्यातच मी विषय काढला. हे सायकल हातात धरून चालले होते, मी बाजूनं.

"तुम्ही त्यांचं ऐकता म्हणून बिघडते सगळं."

"मला ठाऊक आहे," हे म्हणाले.

मी थांबलेच. "ठाऊक आहे? मग ऐकता कशाला?"

"काकाजींनी मला बोट धरून आणलं, प्रभा. नथ्थूजींनी माझ्या अंगातल्या कपड्याची शिलाई आजवर घेतली नाही. समोरच्या मामींनी दोन वर्षं डबा दिला. आई दवाखान्यात होती तेव्हा मी कोणाच्या घरी झोपत होतो, मोजू का? मोहल्ल्यानं वाढवलेलं पोरगं मी. त्यांनी ओरडावं आणि मी न ऐकल्यासारखं करावं? माझ्यानं नाही होत. त्यापेक्षा नाव कटलेलं परवडलं."

एवढं लांब बोलणं मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला रागही आला आणि रडूही आलं. पण रडणं माझ्या कामाचं नव्हतं.

"ऐकू नका असं कोण म्हणते?" मी म्हटलं. "हो म्हणा."

"म्हणजे?"

"आत्याबाई मला रोज काय सांगतात? भाजीत तिखट कमी टाक. मी काय म्हणते? हो आत्याबाई. तिखट कमी टाकते का मी?"

ते माझ्याकडं पाहतच राहिले. "टाकत नाहीस?"

"मुळीच नाही. आमच्या पुसदला घालतात तेवढंच घालते. आणि जेवताना आत्याबाई काय म्हणतात? पाहा, सुनेनं ऐकलं, आज कशी छान झाली भाजी! त्यांना कोणी हो म्हणालं की त्यांचं पोट भरते. भाजीचं नंतर. चार महिने मी तुमच्या घरात अशीच टिकून आहे. नाही तर एक तर त्या तरी उपाशी राहिल्या असत्या नाही तर मी तरी पुसदला गेले असते."

"ही तर लबाडी झाली."

"याला संसार म्हणतात. सगळ्या बायका करतात. पुरुषांना कोणी शिकवत नाही, म्हणून सांगून राहिले. काकाजी ओरडले की मोठ्यानं म्हणायचं, हो काकाजी! आणि मग आपल्याला हवं ते करायचं. मान ठेवायचा तोंडानं. खेळायचं हातानं."

ते चालता चालता हसायला लागले. सायकल एका हातात, दुसरा हात पोटावर. "तिखट कमी टाकत नाहीस," म्हणाले आणि पुन्हा हसले.

फायनल अमरावतीच्या संघाशी होती. पोरं होती की विजेचे खांब! पायऱ्या भरल्या, मग भिंत भरली, मग भिंतीमागच्या घरांच्या गच्च्या. बँड नव्हता. मी त्या सकाळी देवापुढं बसून एखादं लग्न पाठव, म्हणून मागितलं सुद्धा, पण त्या दिवशी मुहूर्तच नव्हता.

सुरुवात झाली आणि गुलाबकाकांची गळ्याची आण तिथंच सुटली. "हेमू, पास दे!" यांनी दिला, आणि अमरावतीच्या पोरानं मधल्या मध्ये उचलला. "थांब, थांब!" हे थांबले. "पळ बे!" हे पळाले. हो म्हणायचं त्यांच्या लक्षातच येईना. मी पायरीवर मुठी आवळून बसले होते. सर खुर्चीत सरसावून बसले आणि त्यांनी बदली खेळाडूला बनियन चढवायला सांगितली.

मला राहवलं नाही. उभी राहिले आणि अख्ख्या मोहल्ल्यादेखत ओरडले, "अहो! तिखट!"

लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. यांनी वळून पाहिलं. तेवढ्यात बॉल त्यांच्याकडं आला आणि काकांनी आरोळी दिली, "डावीकडून, हेमू!"

"हो काकाजी!" हे म्हणाले. आवाज बारीक, चोरट्यासारखा. आणि उजवीकडून गेले. बास्केट.

"ऐकते! ऐकते पोट्टा!" भिंतीवरून कोणी तरी ओरडलं. "पाहिलं ना, डावीकडून गेला!"

पुढचा हो जरा मोठा आला. "पास दे!" "हो मामा!" आणि स्वतःच टाकला. "दुरून मार!" "हो नथ्थूजी!" आणि आत घुसून अगदी रिंगखाली जाऊन ठेवला. मग तर त्यांना चटकच लागली. एकेकाचं नाव घेऊन, हात वर करून, खणखणीत आवाजात हो म्हणायचे आणि अमरावतीच्या खांबांना चकवून भलत्याच बाजूनं जायचे. पायऱ्या खूश, गच्च्या खूश. जो तो शेजारच्याला सांगतोय, मी म्हणलं ना तसंच केलं त्यानं! हाफ टाइम झाला आणि बदली पोरानं बनियन काढून ठेवली.

गुलाबकाका मात्र एकदम गप्प झाले होते. ते काही दूधखुळे नव्हते. त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"सूनबाई, डावीकडून म्हणलो होतो मी."

"हो काकाजी."

"तो उजवीकडून गेला."

"हो काकाजी."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं, मग ग्राउंडकडं, मग पुन्हा माझ्याकडं. आणि पोट हलवत हसायला लागले. त्यानंतर त्या माणसानं एक शब्द काढला नाही. शेंगदाणे मागून घेतले आणि खात बसले.

शेवटी शेवटी अमरावती एका गुणानं पुढं गेली. वेळ संपत आलेली. बॉल यांच्या हातात. आता पायऱ्यांवर कोणाच्याच तोंडून आवाज निघेना. यांच्या अंगावर दोन खांब चालून आले, हात पसरून. आणि मला, जिला चार आठवड्यांपूर्वी जाळी फाटकी वाटायची, त्या मला स्वच्छ दिसलं, की पलीकडं रिंगखाली वसंता एकटा उभा आहे. एकदम मोकळा. नुसता बॉल द्यायचा आणि त्यानं वर ठेवायचा, की जिंकलो.

मी किंचाळले, "अहो, वसंताला द्या! पास द्या!"

त्या शांततेत तो एकच आवाज होता. माझाच. यांना ऐकू गेला, यात मला शंकाच नाही, कारण त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या दोन खांबांच्या मधून, सरळ माझ्या डोळ्यांत.

"हो!" म्हणाले.

आणि स्वतःच उडी मारून टाकला.

बॉल रिंगवर आपटला, वर उडाला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा नथ्थूजी पायऱ्यांवरून खाली लोळत ग्राउंडवर पोचले होते आणि भिंतीवरची सगळी पोरं आत उड्या मारत होती. मुरकुटे सर खुर्चीतून उठले, गर्दीत शिरले आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. नाव कटणार की राहणार, हे विचारायची मग कोणाला गरजच पडली नाही.

गुलाबकाका माझ्या शेजारीच बसून होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते ते पुसतही नव्हते.

"तुमचं बी नाही ऐकलं त्यानं," म्हणाले.

"नाही ऐकलं," मी म्हटलं.

बऱ्याच वेळानं हे गर्दीतून सुटून आले. घामानं निथळत, नथ्थूजींनी शिवलेली बनियन खांद्यावर फाटलेली. माझ्या समोर उभे राहिले आणि जरा खाली पाहिलं.

"रागावलीस?"

"वसंता मोकळा होता," मी म्हटलं.

"होता. दिसला मला. तुझंच बरोबर होतं." त्यांनी मान वर केली. "पण मला वाटलं, टाकावं."

मला वाटलं. चार महिने मी त्या माणसाच्या तोंडून आई म्हणाली ऐकलं होतं, काकाजी म्हणाले ऐकलं होतं, सर म्हणाले ऐकलं होतं. मी त्यांचा हात धरला, मोहल्ल्यादेखत, आणि म्हटलं, "मग बरं केलं."